उत्तर पर्यायांत सापडले, तरी ते बरोबर असेलच असे नाही

प्रश्न : मी ऐरोलीला राहते आणि ठाण्यातील एका महाविद्यालयात बारावी विज्ञान शाखेत शिकते. एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या दोन्ही परीक्षा देणार आहे. पाठ्यपुस्तकातील गणिते मला येतात. पण सराव चाचणीत फिरवून विचारलेला प्रश्न आला की एकतर त्यात फार वेळ जातो, किंवा तो पटकन सुटतो आणि उत्तर चुकते. क्लासमध्ये मिळालेले शॉर्टकट पाठ करूनही फरक पडलेला नाही. काय करावे? — एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : वेळ जाण्यापेक्षा, प्रश्न पटकन सुटूनही उत्तर चुकते याची काळजी आधी करायला हवी. अशा प्रश्नांत गणित बहुधा अवघड नसते. एखादी अट नजरेआड होते आणि तीच नेमकी तपासलेली असते. √(क्ष + ७) = क्ष − ५ हे समीकरण घ्या. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − ११क्ष + १८ = ० मिळते आणि क्षच्या किमती २ व ९ येतात. पर्यायांत 'केवळ २', 'केवळ ९', '२ आणि ९' व 'उकल नाही' असे चारही असतील, तर घाईत असलेला विद्यार्थी तिसरा पर्याय निवडून पुढे जातो. परंतु क्ष = २ घेतल्यास डावी बाजू ३ आणि उजवी −३ होते, म्हणून बरोबर उत्तर केवळ ९ आहे. वर्ग करताना चिन्ह हरवते आणि मूळ समीकरणात नसलेली उकल आत शिरते. प्रश्न काढणारे चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुकांवरूनच तयार करतात, त्यामुळे आपले उत्तर पर्यायांत दिसले हा ते बरोबर असल्याचा पुरावा मानू नये. वर्ग केला, लॉगॅरिथम आले किंवा छेदात चल आला, की मिळालेली किंमत मूळ समीकरणात घालून पाहायलाच हवी. त्याला काही सेकंद पुरतात.

आता शॉर्टकटविषयी. त्यांना माझा विरोध नाही, मात्र शॉर्टकट का चालतो हे माहीत नसेल तर तो कुठे चालणार नाही हेही कळत नाही. √क्ष भागिले (√क्ष + √(७ − क्ष)) या फलाचे २ ते ५ या सीमांमधील इंटिग्रल विचारले, तर तुमच्या वहीत 'सीमांतील फरकाचे निम्मे', म्हणजे ३/२, असे लिहिलेले असेल आणि ते बरोबर आहे. येथे सीमांची बेरीज ७ आहे. क्षच्या जागी ७ − क्ष घातले की अंशात दुसरे वर्गमूळ येते, छेद तोच राहतो आणि मूळ फल व बदललेले फल यांची बेरीज १ होते. प्रश्नकर्त्याने ७ऐवजी ८ लिहिले आणि सीमा त्याच ठेवल्या, तर ही बेरीज सतत १पेक्षा कमी राहते, म्हणून उत्तरही ३/२पेक्षा कमी येते. दोन्ही प्रश्न दिसायला जवळजवळ सारखे आहेत आणि पाठांतराने सोडवणारा नेमका इथे फसतो. तेव्हा वहीतील प्रत्येक शॉर्टकटखाली तो कोणत्या अटीवर चालतो हे स्वतःच्या शब्दांत लिहा. जिथे लिहिता येणार नाही, तिथे त्याची सिद्धता पुन्हा पाहा.

पर्यायांचा उपयोगही डोळसपणे करावा. कोणत्याही त्रिकोणात प्रत्येक कोनाच्या कोसाइनला त्या कोनालगतच्या दोन बाजूंच्या बेरजेने गुणून ते तिन्ही गुणाकार मिळवले, तर काय येते, असा प्रश्न समजा. बाजू १ असलेला समभुज त्रिकोण घेतल्यास उत्तर ३ येते. पण परिमितीही ३ असते आणि बाजूंच्या जोड्यांच्या गुणाकारांची बेरीजही ३च असते, त्यामुळे हे दोन पर्याय वेगळे करता येत नाहीत. ३, ४, ५ बाजूंचा काटकोन त्रिकोण घेतला की उत्तर १२ येते, परिमिती १२ भरते आणि दुसरा पर्याय ४७ होऊन बाद होतो. किंमत घालून पाहायची, तर फार सममित आकृती निवडू नये.

सीईटीच्या गणिताच्या पेपरात ९० मिनिटांत ५० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी १०८ सेकंद मिळतात. ही गती बसून सोडवण्याच्या सरावानेच येते. ऐरोली ते ठाणे लोकलमध्ये मात्र जुन्या प्रश्नपत्रिकेतील प्रश्न न सोडवता नुसते वाचा आणि प्रत्येकात कोणती अट दिली आहे व नेमके काय विचारले आहे, एवढेच ओळखा. क्ष² − ५|क्ष| + ६ = ० या समीकरणाला किती वास्तव मुळे आहेत, हे वाचताना केवलमूल्याकडे लक्ष गेले, तर उत्तर दोन नसून चार आहे हे तिथेच उमगेल.

प्रश्न : माझा मुलगा न येणारे प्रश्न कोरे सोडतो. त्याने अंदाजाने उत्तर द्यावे का? — एक पालक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : सीईटीत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, म्हणून तिथे एकही प्रश्न कोरा ठेवू नये. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा १ गुण जातो. चारपैकी एक पर्याय डोळे मिटून निवडला तरी सरासरी पाव गुण पदरात पडतो, पण असे पाच प्रश्न सोडवल्यास पाचही चुकण्याची शक्यता सुमारे २४ टक्के असते. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर हीच सरासरी दीड गुणावर जाते. त्यामुळे जेईईत किमान एक पर्याय कारणासह बाद करता आला तरच त्याने उत्तर नोंदवावे, असे मी सांगेन.