लाइक कमी म्हणजे फोटो वाईट?

प्रश्न: गोव्यातल्या माशेलच्या चिखलकाल्याचे, म्हणजे चिखलात खेळायच्या उत्सवाचे, फोटो टाकले, लाइक मोजकेच, मित्राच्या मोबाइलवरच्या सूर्यास्ताला मात्र ढीगभर. आता कॅमेरा उचलायलाच नको वाटतं.
— एक वाचक, फोंडा

उत्तर: अहो, मिरामारच्या किनाऱ्यावर कोणीही उभं राहिलं तरी सूर्यास्त मिळतो, चिखलात उतरायला धमक लागते! शिकागोच्या विवियन मायर मुलं सांभाळायचं काम करायच्या, लाखाहून जास्त फोटो काढले आणि फारसे कुणाला दाखवलेच नाहीत, २००७ मध्ये लिलावात निगेटिव्ह विकल्या गेल्या तेव्हा कुठे हळूहळू बाहेर आले. तसं लपवून ठेवा असं नाही म्हणत, कौतुक हवंसं वाटणारच ना. पण लाइकवाला अंगठा सरकवत बघतो, त्याचं काय धरायचं? थोडे प्रिंट काढा, काल्यात खेळलेल्या पोरांनाच दाखवा आणि कुठला फोटो ते मागून नेतात तेवढं बघा.