‘कुठे उतरणार?’

“मॅडम, बरं वाटतं, पण टिकतच नाही. मग त्याला काय अर्थ?” माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या जणांकडून हा प्रश्न ऐकलाय की एकीची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही अशी.

डोंबिवलीहून दादरला नोकरीला येणाऱ्या, चाळिशीतल्या बाई. घरात भांडण नाही, पैशाची ओढाताण नाही. आतून मात्र रिकामं. “आठवड्यात एकदाही बरं वाटलं नाही,” म्हणाल्या. मी वाद घातला नाही, वही दिली. दिवसातून तीनदा, त्या-त्या वेळी, किती बरं वाटतंय त्याला ० ते १० गुण आणि शेजारी चार शब्द. रात्री एकदम भरायची नाही; रात्रीचा शीण सकाळच्या चहालाही शून्य देतो.

त्यांनी रात्रीच भरली. सगळीकडे एक नि दोन. दुसऱ्या आठवड्यात मोबाइलला गजर लावला, तेव्हा एक सहा सापडला: ‘गाडीतल्या मैत्रिणीने मोगऱ्याचा गजरा दिला.’ तोही खोडलेला.

“का खोडलात?”

“ऑफिसात पोचेपर्यंत गेलं ना! म्हणजे खरं नव्हतंच.”

“लोकलच्या लेडीज डब्यात सीटसाठी उभ्या बायका बसलेल्या बाईला पहिला प्रश्न काय विचारतात?”

“कुठे उतरणार?”

“आनंद टेकायच्या आत तुम्ही त्याला हेच विचारता.”

बराच वेळ त्या गप्प. मग हसून म्हणाल्या, “ठाण्यापर्यंतची सीटसुद्धा आम्ही सोडत नाही हो!”

इथून काम सोपं झालं. मूड आला की करू, यावर माझा विश्वास नाही; आधी करायचं, मूड मागून येतो. रोज ठरल्या वेळी आवडीचं काहीतरी, दहाच मिनिटं. करताना फोटो नाही, ‘वाटतंय का?’ अशी तपासणी नाही. तपासायला लागलं की लक्ष गोष्टीवरून उडतं. गुण द्यायचे ते दहा मिनिटं संपल्यावर. दोन मिळाले तर दोन. ओसरलं की लगेच रील्स उघडायचे नाहीत. पाच मिनिटं पोकळी तशीच राहू द्यायची, हवं तर भांडी घासा. इथेच बहुतेक जण घसरतात.

दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर कशातच रस नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर वहीवर भागवू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास.

सहाव्या भेटीत बाईंनी वही उघडून दाखवली. खोडलेल्या ओळीखाली पुन्हा लिहिलं होतं: ‘गजरा. सहा. डोंबिवली ते कुर्ला.’