१ मेच्या नावावर बोलण्याआधी

सस्नेह नमस्कार,

१ मेच्या सुट्टीच्या अधिकृत नावात ‘कामगार दिन’ जोडावा का, हा विषय तू वादविवादासाठी निवडलास याचा मनापासून आनंद झाला. तो मुंबईकरांच्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणूनच आधी कागद बघ.

सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढतो, परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ (धनादेश, हुंड्या यांसंबंधीचा कायदा) याच्या कलम २५ च्या आधारे. तिच्यात १ मेपुढे ‘महाराष्ट्र दिन’ असतं. वाद तेवढ्या नोंदीचा आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांना लागू होणारा राज्याचा २०१७ चा कायदा मात्र पगारी सुट्टी १ मे या तारखेला देतो. म्हणून नाव बदललं की सुट्टी जाईल, ही भीती दाखवू नकोस. परीक्षक तिथेच पकडतील. या दिवसाला ‘राष्ट्रीय सुट्टी’ही म्हणू नकोस. त्या तीनच: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर.

जोडनावाच्या बाजूने बोलणार असशील, तर शिकागोचा १८८६ चा आठ तासांच्या कामाच्या मागणीचा संप एका वाक्यात आटप आणि थेट गिरणगावात ये. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पुढाऱ्यांत गिरणी कामगारांचे नेते श्रीपाद अमृत डांगे होते. हुतात्मा चौकातल्या स्मारकात मशाल घेऊन उभे आहेत ते शेतकरी आणि कामगार. राज्याच्या लढ्याच्या स्मारकात कामगाराला जागा आहे, मग सुट्टीच्या नावात का नसावी? माझ्या मते या विषयातला सर्वांत भक्कम मुद्दा हाच. स्पर्धेआधी एकदा तिथे जाऊन नीट बघून ये.

विरोधात बोलायचं असेल, तर कामगारांना कमी लेखून काही साधणार नाही. मे दिन जगभर पाळला जातो, केरळ-तमिळनाडूत त्याच नावाने सुट्टी असते. १ मे १९६० ला स्थापन झालेल्या राज्याला मात्र स्वतःचा असा हा एकच दिवस, असं मांड. ‘त्याच दिवशी गुजरातही झाला’ असा प्रतिप्रश्न येईल. तिकडे तो गुजरात दिन आहे, म्हणजे प्रत्येक राज्याने आपलं नाव दिलं, हे उत्तर तयार ठेव.

हुतात्म्यांचा आकडा १०५, १०६, १०७ असा वेगवेगळा छापलेला सापडतो. त्यावर युक्तिवाद उभारू नकोस, नाहीतर खंडनाची सगळी मिनिटं त्यातच जातील.

तुझा हितचिंतक