शालीला भोकं पडली, पैठणी वाचेल का?

प्रश्न : ताई, आम्ही घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर राहतो. सासूबाईंची मरून काश्मिरी शाल कपाटातून काढली तर तिला बारीक बारीक भोकं! आतल्या घडीला पांढुरकं जाळं चिकटलं होतं. कपाट उघडलं की फिकट सोनेरी, इवलेसे पतंग कोपऱ्यात पळतात. बाथरूमच्या भिंतीवर राखाडी चपट्या पिशव्या लोंबतात, त्या याच किड्याच्या का? शेजारच्याच कप्प्यात माझी लग्नातली पैठणी आहे. डांबराच्या गोळ्या भरपूर टाकल्यात. पुढच्या महिन्यात लेक तान्ह्या बाळाला घेऊन येतेय. काय करू?
— एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर : सगळ्यात आधी त्या गोळ्या बाहेर काढा, बाकीचं नंतर. काही बाळांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. या गोळ्यांतल्या नॅप्थॅलिनच्या वाफेनं अशा बाळाच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते. गोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यात गुंडाळल्यानंही हे होऊ शकतं. म्हणून बाळाची झबली, दुपटी, पांघरुणं त्या कपाटात ठेवूच नका. शिवाय फटी असलेल्या कपाटात ती वाफ कोंडून राहत नाही, त्यामुळे या पतंगांच्या अळ्या मरत नाहीत. वास तेवढा घरभर होतो.

आता शाल. नौपाड्यात मी साड्यांचं रोल-पॉलिश आणि ड्रायक्लीनिंग करते, अशा शाली माझ्याकडे नेहमी येतात. ट्यूबलाइटखाली पांढरा कागद पसरून त्यावर शाल हलकेच झटका. कागदावर खसखशीएवढे मरून कण पडले, तर ती अळीची विष्ठा. जी लोकर खाल्ली तिचाच रंग तिला येतो. अळी स्वतः दुधी रंगाची, तपकिरी डोक्याची, फार तर एक सेंटिमीटर. खाते ती हीच. उडणारा पतंग काहीच खात नाही, तो मारून समाधान मिळतं एवढंच. मादी ४०-५० अंडी घालते, तीही अशा घडीत, जिथे उजेड नाही आणि हात लागत नाही.

बाथरूमच्या पिशव्यांतला किडा याच्याच कुळातला, पण वेगळा. भोपळ्याच्या बीसारखी ती चपटी पिशवी दोन्ही टोकांना उघडी असते. तो मुख्यतः कोळ्याची जाळी, गळलेले केस, मेलेले किडे यांवर जगतो. जळमटं काढा, झाडूनं पिशव्या उतरवा, तो आटोक्यात येतो. खळीच्या सुती साड्या खरवडल्यासारख्या दिसल्या तर मात्र ते काम सळसळत पळणाऱ्या चंदेरी कसरीचं. तिला खळ हवी असते, लोकर नव्हे.

शाल मऊ ब्रशनं झटकून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड घट्ट बांधा आणि फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर गार कापडावर पाणी धरतं. कपाट रिकामं करून सांधे, बिजागऱ्यांमागच्या फटी, तळाचा कागद, सगळीकडे व्हॅक्यूम फिरवा आणि त्यातली धूळ लगेच घराबाहेर टाका. कडुनिंबाचा पाला, लवंगा हौस म्हणून ठेवा. घडीत बसलेली अळी त्यांनी मरत नाही.

आणि एक बघाच. त्या खोलीच्या खिडकीबाहेर, एसीच्या युनिटमागे कबुतरांचं घरटं आहे का? ठाण्यातल्या टॉवरांत हे हटकून निघतं, आणि कुणी तिकडे बघत नाही. पिसं हेही या अळीचं अन्न. घरटं तसंच राहिलं तर कपाट कितीही धुतलं तरी पतंग परत येतात. पिल्लं उडून गेली की जाळी बसवून घ्या. घाण मात्र कोरडी झाडू नका. मास्क लावा, पाणी शिंपडा, मग काढा. कबुतरांच्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना वाईट. घरात जुनी बाजाची पेटी (हार्मोनियम) असेल तर तिच्या आतला लोकरीचा नमदाही (फेल्ट) तपासा.

पैठणीची भीती रास्त आहे, रेशीमही अळीला चालतं. पण तिला आधी हवा असतो घामाचा, तेलाचा, जेवणाचा डाग. आपल्याकडे काश्मीरला किंवा महाबळेश्वरला नेलेले स्वेटर न धुताच परत कपाटात जातात, तिथूनच बहुतेक वेळा सुरुवात होते. पैठणी उलगडून पदर, काठ, फॉलची शिवण नीट बघा. भोक नसेल तर सावलीत वारा द्या, कडक उन्हात रंग उडतो. घड्या बदलून स्वच्छ मलमलमध्ये गुंडाळा आणि दर दोन-तीन महिन्यांनी उलगडत जा. पावसाळ्यातही कोरडा दिवस मिळाला की हे करा.

शाल रफूला द्या, पण फ्रीझरनंतरच. नाहीतर रफूवाल्याच्या गाठोड्यातल्या दुसऱ्यांच्या शालींनाही लागण व्हायची.