दलाली कोण देतो, ते आधी विचार

प्रिय मुली,

काल तू घर घेण्यासाठी वहीत लिहून आणलेली तीन एजंटांची नावं दाखवलीस आणि म्हणालीस, "मावशी, यातला बरा कोणता?" मी एकच विचारलं, याला दलाली कोण देतो? तुला सांगता आलं नाही. वर म्हणालीस, "एक जण तर माझ्याकडून काहीच घेत नाही." रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं.

तुझ्याकडून घेत नाही, म्हणजे बिल्डरकडून घेतो. हल्ली त्याला चॅनल पार्टनर म्हणतात. त्यात गैर काही नाही, पण मग तो बिल्डरचा माणूस. त्याच्या गाडीतून साइट बघून ये, सल्ला मात्र त्याला विचारू नकोस.

2003 साली आम्ही सिंहगड रस्त्यावर पहिलं घर घेतलं. एजंट ह्यांच्या ओळखीतला. "वहिनी, तुमच्याकडून दलाली घेऊ का मी?" म्हणाला, आणि मी भारावले. भर दुपारी त्याने सगळे दिवे लावले, बेडरूमची खिडकी स्वतःच्या हाताने लावून घेतली. म्हणे, धूळ येते. राहायला गेल्यावर खिडकी उघडली तर खाली नाला. भोगवटा पत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला, तो नाही, हे तर तीन वर्षांनी कळलं. त्याला पैसे विकणाऱ्याने दिले होते. तो विकणाऱ्याचं काम करत होता आणि मी त्याला चहा-पोहे देत होते.

2016 मध्ये दुसरं घर घेताना ज्याची दलाली मी स्वतः देईन असा एजंट हट्टाने शोधला. ठरवतानाच विचारलं, समोरच्याकडूनही घेणार का? नाही म्हणाला, तेव्हा कागदावर लिहून घेतलं. त्याने दोन फ्लॅट स्वतःहून नको म्हणून सांगितले. एका सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल पुढे टाकून टँकरच्या खर्चावर बोट ठेवलं. 48 लाखांवर 2 टक्के, 96 हजार मोजले. हे महिनाभर धड बोलत नव्हते. अजूनही घरात विषय निघतो आणि अजूनही मी तेच सांगते, ते पैसे मी उधळले नाहीत. मला माझ्या बाजूने बोलणारा माणूस हवा होता.

आणि तू! महारेरा, म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, 2017 पासून आहे, नव्या प्रकल्पाच्या एजंटाला तिथे नोंदणी लागते, नंबर संकेतस्थळावर सापडतो. तू इतकी शिकलेली, तेवढंही बघितलं नाहीस? अर्थात नंबर असला म्हणून तो तुझा होत नाही. दलाली कोण देतो, हे तरीही विचारायचंच.

घर एकटीच्या नावावर घेतलंस तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, भावाचं नाव जोडलंस की जाते. तिघांपैकी एकाने तरी सांगितलं का हे? ज्याचं पोट तुझ्यावर नाही, तो कशाला सांगेल?

"उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय, आजच टोकन टाका" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नकोस. घर गेलं तर जाऊ दे. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हेही त्याला ऐकव.

रिसेलचा तो दुसरा फ्लॅट मला बरा वाटतोय. त्या एजंटाला आज फोन कर, दलालीचं विचार, आणि सूची क्रमांक दोनची, म्हणजे घराच्या व्यवहाराच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्याची, प्रत माग. रविवारी सकाळी सातला, पाणी यायच्या वेळेला, आपण दोघी जाऊ. खिडक्या मी उघडेन.

तुझी,
मावशी