बाऊ झाला की बाऊ केला?

प्रश्न : सिस्टर, माझी लेक साडेपाच वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिला घराजवळच्या दवाखान्यात ट्रिपलच्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टरसाठी नेलं. दारातच तिने आकांत मांडला. मी, नवरा आणि तिथल्या मावशी अशा तिघांनी धरून ठेवलं, तेव्हा कुठे इंजेक्शन झालं. नंतर तिथल्या नर्सने चेहऱ्यांचा तक्ता दाखवून "किती दुखलं?" विचारलं, तर हिने शेवटच्या, डोळ्यांतून पाणी येणाऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. आणि दहा मिनिटांनी खाली उतरून कालाखट्टा गोळा चोखत होती! सासूबाई म्हणाल्या, "नाटकं नुसती. उगाच बाऊ करते." खरंच एवढं दुखतं की ती नाटक करते, हे ओळखायचं कसं? पुढच्या महिन्यात तिची फ्लूची लस आहे. धाकटा तीन महिन्यांचा आहे, त्याचेही १४व्या आठवड्याचे डोस यायचेत. पोटात आत्तापासूनच गोळा येतो.
— एक आई, मुलुंड

उत्तर : मुलगी नाटक करत नाही. तिला प्रश्न एक विचारला गेला आणि तिने उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं दिलं.

गिरणगावातल्या पालिकेच्या दवाखान्यात मी सत्तावीस वर्षं टोचणीच्या टेबलाशी उभी होते. "मुंगी चावेल फक्त" हे वाक्य हजारदा तरी बोलले असेन. एकदा एका चार वर्षांच्या मुलाने टोचून झाल्यावर माझ्याकडे बघून शांतपणे सांगितलं, "ही मुंगी नव्हती." त्यानंतर तो माझ्या टेबलाजवळ फिरकायला तयार नसे. त्याचं काय चुकलं? खोटं मी बोलले होते.

भीती आणि दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या मोजायच्याही वेगळ्या. तुमच्या लेकीची भीती दारातच टोकाला गेली होती, तेव्हा सुई पाकिटातसुद्धा असेल. वर तिघांनी दाबून धरलेलं. तिने ज्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, त्यात हे सगळं जमा झालं होतं. पुन्हा आपल्या मराठीची गंमत बघा. 'दुखतंय' आणि 'दुःख' हे शब्द पोरांच्या कानाला सख्खे भाऊ. "किती दुखलं?" विचारलं की ती स्वतःला रडू किती आलं ते दाखवतात. डोळ्यांत पाणी असलेला चेहरा समोर असला की मग विचारायलाच नको. याच्या उलटही होतं. अशा तक्त्यात पहिला चेहरा हसरा असतो, आणि सिस्टर खूश व्हावी म्हणून हसऱ्यावर बोट ठेवणारी गुणी बाळंही मी पाहिली आहेत, दंड सुजलेला असताना!

म्हणून मला दुसरा तक्ता जास्त पटतो. त्यात सहा चेहरे असतात, पण पहिला हसत नाही आणि शेवटचा रडत नाही. कपाळ, डोळे आणि तोंड तेवढं आवळत जातं. गुण ०, २, ४ असे १० पर्यंत. साधारण चार वर्षांपासून पुढच्या मुलांना तो कळतो. विचारताना 'आनंदी', 'दुःखी' हे शब्द काढायचेच नाहीत. "या चेहऱ्याला काहीच दुखत नाही, या शेवटच्याला खूप खूप दुखतंय. तुला सुई टोचली तेव्हाचा चेहरा दाखव." आणि हे तिथल्या तिथे विचारा. घरी जाऊन, आजीसमोर, रात्री विचारलंत तर आठवणीत भीतीची भर पडलेली असते.

भीतीसाठी वेगळा तक्ता आहे. कॅनडातल्या संशोधकांनी तो २०११ मध्ये मांडला. पाच चेहरे, ० ते ४. तो सुईच्या आधी दाखवायचा : "आत्ता किती भीती वाटतेय?" तुमची लेक बहुधा भीतीला ४ पैकी ४ म्हणेल आणि दुखण्याला १० पैकी ४ किंवा ६. तसं झालं, तर काम कशावर करायचं ते तुम्हाला कळलं. दंडाची काळजी कमी करा, दवाखान्याच्या दाराची जास्त.

त्यासाठी पहिलं म्हणजे घरात "जेवली नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील" हे कोणी म्हणत असेल तर ते आजपासून बंद. (तुमच्या घरात म्हणतच असतील. मीही माझ्या लेकाला म्हटलंय.) दुसरं, टोचताना "घाबरू नको, काही नाही होत, झालं झालं" असा जप करू नका. त्याने पोरं शांत होत नाहीत, उलट आईचा असा धीराचा सूर लागला की काहीतरी भयंकर होणार हे त्यांना कळतं. लक्ष दुसरीकडे न्या. मुलुंडची पोर आहे ना? स्टेशनं म्हणायला लावा : मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूर... विक्रोळी यायच्या आत सुई बाहेर आलेली असते. मध्येच मुद्दाम चुका, ती तुम्हाला दुरुस्त करेल. आडवी पाडू नका. मांडीवर ताठ बसवा आणि मिठी मारल्यासारखी धरा. जागा बधिर करणारं मलमही मिळतं, पण ते तासभर आधी लावावं लागतं. डॉक्टरांना विचारूनच.

आता धाकटा. त्याला चेहरे दाखवून उपयोग नाही, आपणच त्याचा चेहरा वाचायचा. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात १९९७ मध्ये त्यासाठी एक पद्धत तयार झाली. चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं आणि समजूत पटते का, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण. बेरीज १० पर्यंत. मला यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात बोलका वाटतो. छातीशी घेतल्यावर बाळ निवळतं की नाही, हे कोणत्याही आईला तक्त्याशिवाय कळतं. मात्र घट्ट आवळून धरलेलं बाळ पाय झाडणारच. ते गुण दुखण्याच्या खात्यात घालताना जरा विचार करा.

सरकारी वेळापत्रकात १४व्या आठवड्याला तोंडाचे पोलिओ आणि रोटाचे (जुलाबावरच्या लसीचे) डोस, शिवाय तीन टोचण्या असतात : पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) डाव्या मांडीला, न्यूमोनियाची पीसीव्ही उजव्या मांडीला आणि पोलिओची उजव्या दंडाला. अंगावर पाजत असाल तर टोचण्याच्या थोडं आधी लावा आणि टोचताना पाजतच राहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच हे सांगितलंय. जास्त दुखणारी लस शेवटी द्यावी, हेही त्यांचंच. तेव्हा "यातली जास्त झोंबणारी शेवटी द्याल का?" असं सिस्टरला खुशाल विचारा. रांग मोठी असेल तर ती वैतागेल, तरी विचारा. दुखू नये म्हणून आधीच पॅरासिटामॉल पाजू नका. नंतर ताप आला तर डॉक्टर सांगतील तेवढंच. बाळ तीन तासांहून जास्त सलग रडलं तर मात्र दवाखाना गाठायचा.

राहिल्या सासूबाई. लेक दोन वर्षांची असताना पडली की "बाऊ झाला" म्हणायची ना? तेव्हा सासूबाईच फुंकर घालत असणार. तोच बाऊ आता 'केला' कधीपासून झाला, एवढं हसत हसत विचारून बघा. आणि पुढच्या महिन्यात गोळा कबूल करणार असाल तर "रडली नाहीस तर" ही अट घालू नका. रडली तरी कालाखट्टाच.