बर्लिनमधले पहिले दिवस: मुंबईच्या विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी?

मुंबईहून पदव्युत्तर शिक्षणासाठी बर्लिनला जाणाऱ्या विद्यार्थ्याने तासिका सुरू होण्याआधीचे दिवस कसे वापरावेत आणि शहराशी ओळख कशी करून घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे. मी २०१२ च्या सप्टेंबरअखेरीस दादरहून तिथे गेलो आणि दोन वर्षे राहिलो. जर्मनीत हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होते, पण तासिका बहुधा महिन्याच्या मध्यावर सुरू होतात, त्यामुळे हाताशी दोनेक आठवडे मिळतात. त्यांतले पहिले तीन-चार दिवस प्रेक्षणीय स्थळांवर घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रांडेनबुर्ग दरवाजा कुठे पळून जात नाही. आधी पत्ता कसा शोधतात आणि गाडी कशी पकडतात, हे अंगवळणी पाडावे.

पत्त्याचे सविस्तर सांगतो, कारण पहिल्याच सोमवारी मी तिथे फसलो. आपल्याकडे पत्ता म्हणजे अमक्या मंदिरासमोर, तमक्या बँकेच्या मागे, आणि शेवटी कोपऱ्यावरचा पानवाला आहेच. मला १७ क्रमांकाच्या घरी खोली पाहायला बोलावले होते. बसमधून उतरलो तिथे १२४ क्रमांकाचे घर होते, म्हणून १७ अजून बरेच लांब असणार असे धरून, भुरभुर पावसात, उतरत्या क्रमांकांच्या दिशेने मी चालू लागलो. ७१ ला रस्ता संपला आणि पलीकडच्या फुटपाथवर ७० दिसला. तिथून पुन्हा उलटा चालत १७ ला पोहोचलो, तेव्हा ते घर मी उतरलो होतो त्या थांब्याच्या बरोबर समोर निघाले. बर्लिनच्या अनेक जुन्या रस्त्यांवर क्रमांक एका बाजूने चढत जातात आणि टोकाला वळून दुसऱ्या बाजूने परत येतात, अगदी घोड्याच्या नालासारखे. इतर रस्त्यांवर मात्र एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम क्रमांक असतात. नाक्यावरच्या पाटीवर रस्त्याच्या नावाबरोबर त्या टप्प्यातले घरक्रमांकही बहुधा दिलेले असतात. ते न वाचता पाऊल टाकू नये. शिवाय इमारतीच्या दाराशी सहसा खोलीचा क्रमांक नसतो, घंटीशेजारी फक्त आडनावे असतात, तेव्हा कोणाकडे जाताना घंटीवर कोणते नाव आहे हे आधीच विचारून घ्यावे. तुम्ही राहायला गेल्यावर टपालपेटीवर स्वतःचे नाव त्याच दिवशी चिकटवा. मी चार दिवस आळस केला आणि बँकेचे पत्र परत गेले.

गाड्यांच्या बाबतीत मुंबईकराला फारसे जड जात नाही. कल्याणला फुटणारे कसारा आणि कर्जत ज्याला पाठ आहेत, त्याला तिथला नकाशा तासाभरात कळतो. शहराच्या मधल्या भागाभोवती ३७ किलोमीटरचा लोहमार्ग आहे. त्यावर एस ४१ ही गाडी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि एस ४२ उलट दिशेने धावते, आणि पूर्ण फेरीला सुमारे तासभर लागतो. शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे करणाऱ्या बर्लिनच्या भिंतीमुळे तुटलेले हे वर्तुळ २००२ मध्ये पुन्हा पूर्ण झाले. दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी बसून एक अख्खी फेरी मारा. वेस्टक्रॉइझ, झ्युडक्रॉइझ आणि ओस्टक्रॉइझ ही स्थानके डोक्यात बसली की शहराला दिशा येते. तिकिटासाठी ए, बी आणि सी असे तीन विभाग आहेत, त्यांतला ए विभाग म्हणजे हेच वर्तुळ आणि त्याच्या आतला भाग. विमानतळ सी विभागात आहे, त्यामुळे उतरल्या दिवशी तिन्ही विभागांचे तिकीट लागते.

आपल्या लोकलप्रमाणेच तिथेही फलाटावर जायला आडकाठी नसते, पण कागदी तिकीट विकत घेतले म्हणजे काम झाले, असे नाही. आपल्याकडची ती जुनी कूपने आठवत असतील, जी स्थानकावरच्या यंत्रात छापून घ्यावी लागत. तसेच तिथे तिकीट फलाटावरच्या लाल किंवा पिवळ्या पेटीत घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. तपासनीस साध्या वेशात असतात आणि दंड ६० युरो आहे. विद्यापीठाचा पास १ ऑक्टोबरपासून चालू होत असेल, तर त्याआधीच्या दिवसांत हे विशेष लक्षात ठेवावे.

एक दुपार मात्र पायी फिरण्यासाठी ठेवा. भिंत जिथून जात होती तिथे अनेक रस्त्यांत दगडांची दुहेरी ओळ बसवलेली आहे. तिच्या कडेने चालत राहिले की पूर्व आणि पश्चिम यांतला फरक पायांना कळू लागतो. त्यातही सोपी खूण ट्रामची. मुंबईची ट्राम १९६४ मध्ये बंद झाली आणि पश्चिम बर्लिनची १९६७ मध्ये, पण पूर्वेकडे ती चालूच राहिली, आणि आजही रुळांचे जाळे मुख्यतः तिकडेच आहे. आजोबांच्या तोंडून ऐकलेली ट्राम मी प्रथम पाहिली ती तिथे.

राहत्या पत्त्याची नोंदणी घरात गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. त्यासाठी नोंदणी कार्यालयात भेटीची वेळ आठवडेच्या आठवडे मिळत नाही, म्हणून पोहोचताच संकेतस्थळावरून ती मागून ठेवावी, आणि घरमालकाचे लेखी पत्र हाताशी असावे.

शक्यतो शनिवारी रात्री पोहोचू नका. मी तसाच पोहोचलो, आणि रविवारी जवळपास सगळी दुकाने बंद असतात हे मला कोणी सांगितले नव्हते. ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते, त्या दिवशीही हेच. तो रविवार मी आईने बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीवर काढला. मुख्य रेल्वे स्थानकातली दुकाने रविवारीही उघडी असतात, हे मला तिसऱ्या रविवारी कळले.